पाकळीचा ल

आमच्या स्टुडिओत पैसे रोमन अक्षरं आणतात आणि वेळ देवनागरी खाते. एखाद्या कंपनीला स्वतःचा रोमन फाँट हवा असतो, त्यासाठी तिनं रक्कम बाजूला काढलेली असते, आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत ‘जमल्यास देवनागरीही’ असं लिहिलेलं असतं. रोमनची लहान-मोठी बावन्न अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, युरोपातल्या भाषांची टिंबं आणि शेपट्या धरून काही शे आकृत्यांत ते काम उरकतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य तक्त्यात तर जागाच १२८. कंपनीचा माणूस तो आकडा बघतो आणि विचारतो, “मग याला इतके महिने कशाला?”

कारण त्या १२८ जागांमध्ये जोडाक्षर एकही नाही. क्ष नाही, ज्ञ नाही, त्र नाही. ती सगळी फाँटच्या पोटात आम्ही काढायची आणि कुठल्या व्यंजनामागे कुठलं आलं की कुठली आकृती पुढे करायची, हेही फाँटला शिकवायचं. साधी पहिली वेलांटी घ्या. ‘रि’मध्ये तिचा पल्ला आखूड, ‘कि’मध्ये लांब, ‘ष्ट्यि’मध्ये त्याहून लांब. कमान नेमकी अक्षराच्या कान्यावर उतरायला हवी, म्हणून एकाच वेलांटीच्या कितीतरी रुंद्या काढून ठेवाव्या लागतात. मग ‘मूर्तींना’ हा शब्द येतो. त्यातल्या त वर दुसरी वेलांटी आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. तिघांना एका डोक्यावर जागा करून द्यायची, वरच्या ओळीतल्या उकाराला धक्का लागू द्यायचा नाही आणि वाचणाऱ्याला यातलं काही जाणवू द्यायचं नाही. मराठीसाठी म्हणून ‘दऱ्या’ आणि ‘कोऱ्या’मधला आडवा अर्धा र वेगळा काढायचा, तो हिंदीत लागत नाही. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली.

चाचणीसाठी आमच्याकडे शब्दांची एक फाइल आहे. धार्ष्ट्य, वाङ्मय, उद्ध्वस्त, ऱ्हस्व, हृद्य, कार्त्स्न्य. ही जुनी मंडळी आता फारसा त्रास देत नाहीत, त्यांचे आकार शंभर-दीडशे वर्षं घासून गुळगुळीत झालेले आहेत. घाम काढतात ते रोजच्या बातम्यांतले इंग्रजी शब्द. ‘वर्ल्ड’, ‘फर्स्ट’, ‘गर्ल्स’, ‘ट्वेंटी’. र्ल्ड हे जोडाक्षर कसं दिसावं याचा विचार जुन्या कारागिरांना करावाच लागला नव्हता, कारण त्यांच्या वेळी मराठी वर्तमानपत्रांत क्रिकेटची पानं नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचा छापखाना होता. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात, पण काका अजून वरच राहतात आणि संध्याकाळी कधीतरी डोकावतात. तरुणपणी ते जुळारी होते, टाइपाचे खिळे जुळवणारे. पडद्यावर ताटाएवढा मोठा केलेला ‘र’ बघून ते एकदा म्हणाले, “अरे, कालपण हाच र होता की रे.” मी म्हटलं, “काका, काल याचा पाय जड होता.” त्यांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि म्हणाले, “आजपण आहे.” आणि तो होता. रोमनचा बोरू ज्या बाजूला तिरका कापतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीचा कापतात, त्यामुळे जाडी कुठे पडायची आणि बारीक रेघ कुठे, याचं सगळं गणित उलटं. दिवसभर रोमन काढून संध्याकाळी देवनागरीकडे वळलं की हात चुकीच्या जागी वजन टाकतो. काकांनी ते काही न शिकता ओळखलं. त्यांच्या बोटांखालून लाखो र गेले होते.

त्यांनीच एकदा धंद्याची गोम सहज सांगून टाकली. “आम्ही टाइप किलोनं घ्यायचो. झिजला की वितळायला द्यायचा आणि नवा आणायचा.” मी हे आधी पुस्तकांत वाचलं होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. खिळे झिजायचे म्हणून ओतशाळा जगायच्या. शिशाचा टाइप काही आवृत्त्यांनी बोथट व्हायचा, ‘ि’ची कमान मोडायची, अनुस्वार हरवायचे, आणि छापखानेवाला निमूटपणे पुन्हा त्याच फाउंड्रीच्या दारात यायचा. आमचा फाँट झिजत नाही. एकदा विकला की विकला. आणि पेनड्राइव्हवरून तो ज्या वेगानं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकभर फिरतो त्या वेगानं तर मालही पोचत नाही. कायद्यानं फाँटच्या आज्ञावलीला संरक्षण आहे, पण अक्षराच्या नुसत्या आकाराचं काय, याचं खणखणीत उत्तर द्यायला वकीलसुद्धा कचरतात. म्हणून आम्ही परवाने विकतो: इतक्या संगणकांसाठी इतके, वेबसाइटसाठी वेगळे, ॲपसाठी आणखी वेगळे. हे समजावून सांगताना समोरच्या प्रकाशकाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मला पाठ झालेत. त्याच्या मते मी त्याला हवा विकतोय, तीही मोजून.

या धंद्यातलं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे जावजी दादाजी. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासायच्या कामाला लागलेला मुलगा. १८६४ साली त्यांनी टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि पाच वर्षांनी, १८६९ साली, निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर कोरलेल्या पंचांमधून निर्णयसागरचं ते नीटस, भरीव अक्षर उतरलं, आणि संस्कृत-मराठी ग्रंथांची पानं कशी दिसावीत याची पुढच्या कित्येक दशकांची कल्पना त्यानंच घडवली. माझं लक्ष मात्र त्या दोन सालांच्या क्रमाकडे जातं. आधी टाइप, मग छापखाना. टाइप ओतून तो दुसऱ्याच्या दारात विकत बसण्यापेक्षा स्वतःच्या पंचांगात आणि पोथ्यांत तो वापरायचा, लोकांच्या डोळ्यांत भरवायचा, मग इतर छापखाने आपणहून मागायला येतात. जावजींच्या मनात नेमकं हेच होतं की नाही, कोण जाणे. पण परिणाम असा झाला की अक्षर कसं असावं हेही त्यांनीच ठरवलं आणि ते कशात वापरायचं हेही.

हा दुसरा हक्क आमच्याकडे नाही. आमच्याकडे छापखाना नाही, वर्तमानपत्र नाही, फोन नाही, संगणकाची यंत्रणा नाही. अक्षर आम्ही काढतो आणि ते कुठे, कुठल्या आकारात, कशाच्या शेजारी लागणार हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला ‘मंगल’ घ्या. विंडोज २०००बरोबर तो कचेऱ्याकचेऱ्यांतून पोचला. पडद्यावरच्या यादीत, मेनूत वाचायला केलेलं ते अक्षर. पुढे ते सरकारी पत्रांवर, निविदांवर, भिंतीवरच्या सूचनांवर छापलं गेलं, कारण तेच समोर होतं. जोशींसारखा कवी आणि सुलेखनकार माणूस, ज्यानं अक्षरांशी आयुष्यभर इतके खेळ केले, तो बहुसंख्य लोकांना माहीत असतो तो नकळत, एका नोटिशीच्या मजकुरातून.

फुकट फाँटांनी आमचा धंदा बुडवला, असं आमच्या व्यवसायात म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. २०१० साली गूगल फाँट्स सुरू झालं, पुढच्या काही वर्षांत त्यात देवनागरी आली, आणि त्यासाठी स्टुडिओंना मोबदला मिळाला. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ आज शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिकेपासून राजकीय फ्लेक्सपर्यंत दिसतात. त्यांचाच ‘मोदक’ इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातली जागा जवळजवळ मिटलेली, आणि तरी वाचता येतो. हे धाडस विकतच्या बाजारात कुणी केलं नसतं. आधी काय होतं ते आठवून बघा: श्रीलिपी किंवा तसल्याच एखाद्या संचात मजकूर टाइप केलेला, मराठी अक्षरं रोमनच्या जागांवर बसवलेली, आणि दुसऱ्याच्या संगणकावर तो संच नसला की लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. त्या मानानं आजचं सुख मोठं आहे. अडचण आहे ती वेगळीच. फुकटात जे येतं ते बहुतेक फोनच्या पडद्यासाठी आणि मथळ्यांसाठी येतं. वर्तमानपत्राच्या अरुंद कॉलमात लहान आकारात चार तास वाचता येईल असं, किंवा शब्दकोशासाठी, पाठ्यपुस्तकासाठी केलेलं अक्षर हवं असेल तर त्यासाठी कुणीतरी पैसे द्यायला हवेत, आणि मराठीपुरते ते पैसे देणारा माणूस अजून आमच्या जिन्यावर चढलेला नाही.

चढला तो वेगळाच माणूस, आणि त्याला कायद्यानं पाठवलं. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली: पाटी मराठीत, देवनागरीत हवीच, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान चालणार नाही. व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं आणि अचानक आमचा फोन वाजायला लागला. ज्या ब्रँडांनी आपल्या रोमन नावातल्या एकेका वळणावर वर्षं घालवली होती, त्यांना आता देवनागरी नाव हवं होतं, तेही सोमवारपर्यंत. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, “कायद्यापुरतं करून द्या.”

त्या दोन महिन्यांत मी पाट्यांकडे जितकं बघितलं तितकं आयुष्यात बघितलं नव्हतं. लक्ष्मी रस्त्यावरून चालताना दिसायचं की वर ठसठशीत रोमन नाव आणि खाली, त्याच रंगात, संगणकात जे पहिलं सापडलं ते देवनागरी अक्षर ताणून बसवलेलं. शिरोरेषा ताणल्यानं जाड झालेली, काने बारीक राहिलेले. पण मला खरी गंमत वाटली ती त्या ‘लहान चालणार नाही’ या शब्दांची. लहान म्हणजे कुठून कुठपर्यंत? रोमन नाव सगळं मोठ्या लिपीत असेल तर त्याची उंची सरळ पट्टी लावून मोजता येते; वर काही जात नाही, खाली काही लोंबत नाही. देवनागरीत पट्टी शिरोरेषेपासून लावायची की मात्रेपासून? ‘कुमार्स’मध्ये वर रफार, खाली उकार. रफारापासून उकारापर्यंतची उंची रोमनएवढी केली तर मधली अक्षरं पाटीवर चिमुकली दिसतात. शिरोरेषेपासून काना टेकतो तिथपर्यंत मोजलं तर मात्रा आणि उकार पाटीच्या बाहेर जातात आणि पाटी बनवणारा वैतागतो. आम्ही गिऱ्हाइकांना दुसरा मार्ग धरायला लावला. कायद्याच्या हेतूलाही तोच धरून आहे, असं माझं मत. आणि पाटीची चौकट उंच करा म्हणून सांगितलं. काहींनी केली. एकानं विचारलं, “ते उकार जरा आत घेता येणार नाहीत का?”

नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं काढणारे कमल शेडगे असते तर त्यांनी उकार आत घेतलाही असता, आणि तो शोभला असता. त्यांचं अक्षर एका नावासाठी जन्मायचं. त्या नावाचा स्वभाव ओळखून त्यातला एखादा काना वाकायचा, मात्रा उडायची. ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या शीर्षनामासारखं काम असो की एखाद्या प्रयोगाची जाहिरात, पुढचा शब्द कसा दिसेल याची त्यांना फिकीर नव्हती, कारण पुढचा शब्द ते पुन्हा हातानं काढणार होते. टाइप करणाऱ्याला तो शब्द अजून कुणी लिहिलेलाच नसतो. ‘कु’ सुंदर करायचा, पण ‘कुर्ल्यातील’मध्ये शिरल्यावरही तो ‘कु’ गप्प बसला पाहिजे. मला दोन्ही कामांचा आदर आहे. एकाची हौस दुसऱ्यात भागवायला गेलेले फाँट मात्र दोन ओळींनंतर डोकं उठवतात.

आता ल कडे येतो, कारण आमच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावर झाली आहेत. देवनागरीत ल दोन तऱ्हांनी लिहितात. एक पाकळीचा, मराठी शाळेच्या उजळणीत गिरवलेला. दुसरा उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदीतला. श च्याही अशाच दोन तऱ्हा: आपला देठाचा, त्यांचा वेगळा. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरले आहेत. पण युनिकोडला या दोन आकारांत फरक नाही. त्याच्या लेखी ल म्हणजे ल. फरक करायचा तो फाँटनं. म्हणजे फाँटमध्ये एक आकार मूळ जागेवर बसतो आणि दुसरा पर्यायी म्हणून ठेवला जातो. मजकूर मराठी आहे असं संगणकाला कळलं तर पर्यायी आकार पुढे यावा, अशी सोय ओपनटाइप या फाँट-प्रकारात आहे.

कळलं तर. मराठी मजकुराला ‘ही मराठी आहे’ अशी खूण कोण लावतो? शब्दप्रक्रियेच्या प्रणालीत भाषा निवडायची राहून जाते, वेबसाइटवाला ती घालत नाही, फोनवर धाडलेल्या निरोपाला ती नसतेच. परिणामी जो आकार मूळ जागेवर तोच जगतो, आणि पर्यायी आकार माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखा घरात असून कुणाच्या हाती लागत नाही. बहुतेक फाँटांत मूळ जागा दंडाच्या ल ला मिळते. कुणी मुद्दाम मराठीचा दुस्वास केलेला नसतो. हिंदीचा बाजार मोठा, पैसे देणारी कंपनी दिल्ली-गुरुग्रामची, तिनं पाठवलेल्या नमुन्यात तो ल होता, एवढंच. कॅनडाच्या टायरो टाइपवर्क्सनं यावर सरळ तोडगा काढला: त्यांनी देवनागरी फाँट हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे दिले. मराठीचा फाँट निवडला की ल मराठीच येणार, कुणी खूण लावो न लावो. मला तो उपाय फार आवडला. थोडा दांडगा आहे, पण चालतो.

यात एक उपरोध आहे, तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी सांगतो. जुनी बनारस-कलकत्त्याकडची पुस्तकं उघडली तर त्यांत अ, झ आणि ण वेगळे दिसतात. तो अ आजच्या मुलांना ओळखूही येत नाही. हिंदीच्या प्रमाण वर्णमालेनं, १९६०च्या दशकात, त्या जागी मुंबई वळणाचे अ, झ, ण घेतले. म्हणजे आज भोपाळपासून पाटण्यापर्यंत जो अ लिहितात तो मुंबईच्या छापखान्यांच्या वळणाचा. तीन अक्षरं आपण उत्तरेला दिली आणि ल, श मात्र घरातसुद्धा टिकवता येईनात. मुंबईचे ते आकार जिंकले त्या काळात मुंबईला ओतशाळाही होत्या आणि छापखानेही. मूळ जागेवर काय बसवायचं हे ठरवणारे लोक इथेच, गिरगावात आणि काळबादेवीला, बसत होते.

म्हणून स्वतःच्या पैशानं आमचा पहिला वाचनाचा फाँट करायला घेतला तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श मूळ जागेवर ठेवायचे असं ठरलं. कंपनीच्या कामात ती मुभा नसते; तिथे जो बिल भरतो त्याचा ल. आमचा फाँट रोमनच्या कमाईवर जगला, कुणी मागितलेला नव्हता, तेव्हा त्यात आम्हाला कुणाला विचारायचं नव्हतं. स्टुडिओतल्या धाकट्या सहकारिणीनं हिशेब करून दाखवला की यानं हिंदी बाजार हातचा जाईल. मी म्हटलं, हिंदीतले आकारही आतच आहेत, एका टिचकीत बदलतात. ती म्हणाली, “सर, तुम्हीच म्हणता ना की ती टिचकी कुणी मारत नाही?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तरी ल तिथेच ठेवला.

फाँट बाजारात आल्यावर आठवडाभरात इंदूरच्या एका प्रकाशकाचा फोन आला. “भाईसाहब, ये ल हमारे यहाँ का नहीं लग रहा.” त्यांना कुठली खूण लावायची ते सांगितलं, त्यांनी लावली, आभार मानले, विषय संपला. पुढचे फोन सगळे इकडचे. ठाण्याच्या एका ॲपवाल्या मुलाचं म्हणणं, ल फाटलेला दिसतोय, फाइल खराब आहे का. एका शिकवणीच्या वर्गाची तक्रार आली की श ‘जुन्या मराठीतला’ आलाय. ही मुलं मराठीच, पहिलीत पाकळीचाच ल गिरवलेली. पण त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं त्यांनी मराठी वाचली ती फोनवर, आणि फोननं त्यांना दुसरा ल दाखवला. शिकवणीच्या वर्गाच्या बाईंशी मी बराच वेळ बोललो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शासन निर्णयाची प्रत मागवून घेतली, वाचली, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे हो, पण पालक विचारतात.” त्यांना आम्ही दंडाचा ल मूळ जागेवर असलेली फाइल करून दिली. बिलात त्याचा वेगळा आकार लावला, आणि त्यांनी तो काही न बोलता दिला.